विश्लेषण : लिंकिन पार्कला ग्रॅमीची दोन नामांकने, मुंबईत पहिली मैफल, शेलूच्या चाहत्याच्या हाती काय?

वर्ष संपताना याद्या लागतात, पुरस्कारांची नामांकने जाहीर होतात आणि पुढच्या वर्षीच्या मैफलींच्या तारखा कळतात. ‘लिंकिन पार्क’ या अमेरिकी रॉक बँडच्या चाहत्यांसाठी २०२५ चा शेवट या तिन्ही बाबतींत भरगच्च ठरला. पण हा मान नेमका कशाचा, तो कोण देते आणि मुंबईपासून ८० किलोमीटरवर राहणाऱ्या चाहत्याला २५ जानेवारीची मैफल खरोखर गाठता येईल का?

नेमके घडले काय?

ग्रॅमी पुरस्कारांची नामांकने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर झाली. त्यात लिंकिन पार्कला दोन विभागांत स्थान मिळाले. ‘फ्रॉम झीरो’ हा अल्बम सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमच्या यादीत आहे, तर त्यातीलच ‘द एम्प्टिनेस मशीन’ हे गाणे सर्वोत्कृष्ट रॉक सादरीकरणाच्या यादीत आहे. अल्बमच्या विभागात त्यांच्यासमोर डेफ्टोन्स, हाइम, टर्नस्टाइल आणि यंगब्लड अशी नावे आहेत. सोहळा १ फेब्रुवारी २०२६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये होईल.

त्याआधी एका आठवड्यावर या बँडचे भारतातील पदार्पण आहे. २३ जानेवारीला बेंगळूरु आणि २५ जानेवारीला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा इंडिया’ या महोत्सवात ते गाणार आहेत. पंचवीस वर्षे ज्यांची गाणी कॅसेट, सीडी, एमपी-थ्री आणि आता मोबाइलवर ऐकली गेली, तो बँड भारतात पहिल्यांदाच येत आहे.

२०२४ चा अल्बम २०२६ च्या पुरस्कारांत कसा?

हा प्रश्न अनेकांना पडतो. ‘फ्रॉम झीरो’ १५ नोव्हेंबर २०२४ रोजी आला, मग त्याचा विचार एवढ्या उशिरा कसा? उत्तर पात्रतेच्या काळात आहे. ग्रॅमीचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे नसते. २०२६ च्या पुरस्कारांसाठी ३१ ऑगस्ट २०२४ ते ३० ऑगस्ट २०२५ या काळात प्रसिद्ध झालेले संगीत पात्र आहे. ‘द एम्प्टिनेस मशीन’ ५ सप्टेंबर २०२४ रोजी आले, म्हणजे हे वर्ष सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. तेच गाणे दहा दिवस आधी आले असते, तर ते मागच्या वर्षात मोजले गेले असते.

त्यामुळे ‘या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम’ असे म्हटले की ते कोणाचे वर्ष, हे पाहावे लागते. आपल्याकडे शाळेचे वर्ष जूनला, सरकारचे एप्रिलला आणि कॅलेंडरचे जानेवारीला सुरू होते, तसाच हा प्रकार.

हा मान कोण देते?

ग्रॅमी हा श्रोत्यांच्या मतांचा पुरस्कार नाही. अमेरिकेतील रेकॉर्डिंग अकॅडमी या संस्थेचे मतदार सदस्य, म्हणजे गायक, वादक, गीतकार, निर्माते, ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ हे मत देतात. मतदान दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीतून नामांकने ठरतात, दुसरीतून विजेता. एका सदस्याला सर्वसाधारण विभागातील सहा पुरस्कारांखेरीज जास्तीत जास्त दहा विभागांत आणि तेही तीनच क्षेत्रांत मत देता येते. रॉकची जाण नसलेल्यांनी केवळ ओळखीचे नाव पाहून सगळीकडे शिक्का मारू नये, हा त्यामागचा हेतू. अंतिम फेरीचे मतदान ५ जानेवारीपर्यंत चालेल.

याचा अर्थ, समाजमाध्यमांवर हॅशटॅग चालवून किंवा एकच गाणे रात्रभर लावून ठेवून ग्रॅमीचा निकाल बदलत नाही. चाहत्यांच्या हातात असलेले मोजमाप वेगळे आहे.

मग बाकीच्या याद्यांचे काय?

वर्षअखेरच्या याद्यांचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात. पहिला, ग्रॅमीसारखा व्यवसायातील लोकांनी दिलेला पुरस्कार. दुसरा, समीक्षकांच्या याद्या. यात एखाद्या नियतकालिकाचे लेखक आपापली पसंती एकत्र करतात. मतभेद हाच त्यांचा स्वभाव. तिसरा, खप आणि श्रवणाच्या आकड्यांवरचे तक्ते. अमेरिकेतील बिलबोर्ड आठवड्याची विक्री, ऑनलाइन श्रवण आणि रेडिओवरील प्रसारण मोजते आणि वर्षाच्या शेवटी त्याची बेरीज मांडते. त्यांचेही वर्ष डिसेंबरपर्यंत चालत नाही, ते काही आठवडे आधीच बंद होते.

चौथा प्रकार प्रत्येकाच्या मोबाइलवर येतो. स्पॉटिफायसारखी अॅप डिसेंबरच्या सुरुवातीला ‘तुम्ही वर्षभर काय ऐकले’ याचे रंगीत पान दाखवतात. गाणे किमान ३० सेकंद ऐकले तर ते मोजले जाते. हे पान मित्रांना पाठवायला मजेचे असते, पण ती कंपनीची फुकटातली जाहिरातही असते. त्यावरून बँडचा दर्जा कळत नाही. आपण कोणत्या गाण्याकडे पुन्हा पुन्हा वळलो, एवढेच कळते.

लिंकिन पार्कच्या बाबतीत आकडे काय सांगतात? ‘फ्रॉम झीरो’ अमेरिकेच्या अल्बम तक्त्यात पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकावर गेला, ब्रिटनमध्ये पहिल्या. मात्र या बँडची खरी ताकद जुन्या खात्यात आहे. ऑक्टोबर २००० मध्ये आलेला ‘हायब्रिड थिअरी’ हा त्यांचा पहिला अल्बम २००१ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपला होता. एक कोटी प्रतींचा टप्पा ओलांडल्यावर मिळणारे ‘डायमंड’ प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे. ‘नम्ब’ या गाण्याचा व्हिडीओ यूट्यूबवर एक अब्ज वेळांहून जास्त पाहिला गेला आहे.

या वेळच्या नामांकनाला वेगळे महत्त्व का?

लिंकिन पार्कने याआधी दोनदा ग्रॅमी जिंकली आहे. २००२ मध्ये ‘क्रॉलिंग’साठी आणि २००६ मध्ये रॅपर जे-झीबरोबरच्या ‘नम्ब/एन्कोर’साठी. ‘हायब्रिड थिअरी’ही २००२ मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमच्या यादीत होता, पण तो मान यू-टूकडे गेला. म्हणजे त्याच विभागात हा बँड २४ वर्षांनी पुन्हा उभा आहे. तेही मधल्या काळात जवळजवळ संपल्यानंतर.

२० जुलै २०१७ रोजी मुख्य गायक चेस्टर बेनिंग्टन यांनी आत्महत्या केली. गिटारचा जड नाद, माइक शिनोडा यांचे रॅप आणि त्यावर चेस्टर यांचा फाटत जाणारा आवाज ही या बँडची ओळख होती. एकटेपणा, राग, स्वतःविषयीची घृणा हे विषय त्यांनी उघडपणे गायले. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात किंवा चाळीतल्या एका खोलीत कानात इअरफोन घालून बसलेल्या मुलाला ते आपले वाटले, त्याचे कारण हेच. त्यामुळे चेस्टर यांच्या जाण्याची बातमी अनेकांना घरातल्या माणसाच्या बातमीसारखी लागली.

सात वर्षांच्या शांततेनंतर ५ सप्टेंबर २०२४ रोजी बँडने नव्या गायिकेसह पुनरागमन जाहीर केले. एमिली आर्मस्ट्राँग गायिका, तर कॉलिन ब्रिटन ढोलवादक म्हणून आले. जुने ढोलवादक रॉब बोर्डन परतले नाहीत. गिटारवादक ब्रॅड डेल्सन बँडमध्ये आहेत, पण दौऱ्यावर जात नाहीत. मंचावर त्यांची जागा अॅलेक्स फेडर घेतात. मुंबईत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

या निवडीवर टीका झाली. ‘चेस्टरशिवाय हे नाव वापरू नका’ असे म्हणणारे चाहते तेव्हाही होते, आजही आहेत. नव्या अल्बमच्या नावात बँडने आपली बाजू मांडली आहे. ‘झीरो’ हे या बँडचे अगदी सुरुवातीचे नाव होते. म्हणजे ‘शून्यापासून’ आणि ‘जिथून निघालो तिथून’ असे दोन्ही अर्थ त्यात येतात. व्यवसायातील मतदारांनी दिलेली दोन नामांकने ही त्या दुसऱ्या डावाला मिळालेली पहिली मोठी पावती आहे. जुन्या चाहत्याचे मन मात्र नामांकनाने वळत नाही. ते वळले तर मैफलीतच वळेल.

वर्षभरात बँड कुठे दिसला?

पुनरागमनानंतर हा बँड सतत फिरतो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनला ‘लीग ऑफ लीजंड्स’ या व्हिडीओ गेमच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी स्पर्धेचे गीत गायले. मार्च २०२५ मध्ये ‘अप फ्रॉम द बॉटम’ हे नवे गाणे आले, मे महिन्यात अल्बमची वाढीव आवृत्ती. ३१ मे रोजी म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फुटबॉल सामन्याआधी त्यांनी सादरीकरण केले. जूनअखेर लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये मैफल झाली.

यात एक धोरण दिसते. पंचविशीतला श्रोता गेममधून येतो, चाळिशीतला जुन्या आठवणीतून आणि फुटबॉलचा चाहता सामन्यातून. तिघांनाही एका तिकिटाखाली आणायचे, हे आजच्या मोठ्या दौऱ्यांचे गणित आहे. अल्बम विकून होणारी कमाई आटल्यापासून बँडचे घर प्रामुख्याने मैफलींवर चालते.

भारत आताच का?

मोठे रॉक बँड भारतात अधूनमधून येत. आता ते एकामागोमाग एक येत आहेत. एकट्या २०२५ मध्ये मुंबई परिसरात जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेच्या तीन मैफली झाल्या, मार्चमध्ये महालक्ष्मीला ग्रीन डे आले, मे महिन्यात तिथेच गन्स अँड रोझेस. लोलापलूझा हा १९९१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला महोत्सव; आशियातील त्याची पहिली आवृत्ती २०२३ मध्ये मुंबईतच भरली.

मुंबईला रॉक नवा नाही. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत असे. तिथे शहरातील महाविद्यालयीन बँडना हजारोंचा श्रोता मिळाला. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ती जागा मोठ्या आवाजाच्या मैफलींना बंद झाली. फरक असा, की तेव्हाच्या मैफली स्थानिक बँडच्या आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणाऱ्या होत्या. आताच्या जागतिक दौऱ्यातील एक थांबा असतात.

शेलूहून महालक्ष्मी किती दूर?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी सोडले की ठाणे जिल्हा संपतो. रायगड जिल्ह्यातले, कर्जत तालुक्यातले पहिले स्थानक शेलू; पुढचे नेरळ. मुंबईत घर परवडत नाही म्हणून डोंबिवली, मग बदलापूर, मग वांगणी-शेलू असे सरकत आलेली अनेक कुटुंबे इथे राहतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईकर कर्जतच्या फार्महाऊसवर येतात. शेलूचा चाहता मात्र गाणे ऐकायला उलट दिशेने जातो.

२५ जानेवारीला रविवार आहे. त्याचे दोन परिणाम. एक, रविवारी लोकलचे सुट्टीचे वेळापत्रक असते आणि दिवसा मेगाब्लॉकची शक्यता असते. ब्लॉक कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. ते पाहूनच निघावे. दोन, दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी आहे. रात्री उशीर झाला तरी बहुतेकांना सोमवारी सकाळची लोकल पकडायची नाही.

खरी अडचण परतीची आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ते दिवस बहुतांशी गणेशोत्सव, नवरात्र, ३१ डिसेंबर यांनाच जातात. त्यामुळे मैफल दहाला संपते असे धरावे. त्यानंतर गर्दीतून बाहेर पडायचे, पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकावरून दादर गाठायचे, पूल ओलांडून मध्य रेल्वेवर यायचे आणि कर्जत किंवा खोपोलीची लोकल पकडायची. बदलापूरला संपणाऱ्या गाड्या शेलूवाल्याच्या कामाच्या नाहीत. रात्री दहानंतर पुढे जाणाऱ्या गाड्यांमधले अंतर वाढत जाते. शेवटची कर्जत लोकल सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच सुटते आणि तिने शेलूला पोहोचेपर्यंत दोन वाजलेले असतात. ती चुकली तर पहाटेपर्यंत फलाट. मासिक पास दादरपर्यंतचा असेल, तर दादर-महालक्ष्मीचे तिकीट वेगळे काढावे लागते.

मुली आणि महिलांसाठी हा प्रश्न अधिक टोकदार आहे. बदलापूरनंतर डबे रिकामे होतात, स्थानकाबाहेर त्या वेळी रिक्षा मिळेलच असे नाही. म्हणून अनेक चाहत्यांच्या बाबतीत तिकिटाची किंमत परवडते की नाही याआधीच ‘रात्री घरी कसे येणार’ या प्रश्नावर बेत रद्द होतो. शहरे मोठ्या मैफलींचे केंद्र होऊ पाहत असतील, तर क्रिकेट सामना किंवा गणेशोत्सवासाठी सोडतात तशा जादा रात्रगाड्यांचा विचार मैफलींसाठीही नियमितपणे व्हायला हवा.

रेसकोर्स, गिरण्या आणि शेलू यांचा संबंध काय?

महालक्ष्मी-लोअर परळचा परिसर म्हणजे गिरणगावाची कड. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या आवारात मॉल, कार्यालये, हॉटेले आली आणि संगीताच्या जागाही आल्या. मथुरादास मिलच्या आवारातील ‘ब्लू फ्रॉग’ने २००७ ते २०१६ या काळात शहरातील अनेक स्वतंत्र बँडना मंच दिला. आजच्या मुंबईतील रॉकचा बराचसा इतिहास गिरण्यांच्या छपराखाली लिहिला गेला आहे.

त्याच गिरण्यांच्या कामगारांना आणि वारसांना घरे देण्यासाठी सरकारने शेलू आणि वांगणीची निवड केली. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. घरे मुंबईतच हवीत, या मागणीसाठी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा निघाला. त्यांच्या म्हणण्यातील एक मुद्दा साधा होता : काम, दवाखाना, नातेवाईक सगळे मुंबईत आणि घर दोन तासांवर. करमणुकीचा मुद्दा त्या मोर्चात कोणी मांडला नाही. पण अंतराचे तर्कशास्त्र तेच आहे. आजोबांनी जिथे साचे चालवले, त्याच परिसरात नातवाला आवडता बँड ऐकायचा असेल, तर शेवटची लोकल पाहून मैफलीतून उठावे लागेल.

तिकीट घेताना काय पाहावे?

सप्टेंबर २०२४ मधील कोल्डप्लेच्या तिकीटविक्रीचा धडा ताजा आहे. अडीच हजार ते ३५ हजार रुपयांची तिकिटे काही मिनिटांत संपली आणि पुढे अनेक पटींनी विकली जाऊ लागली. प्रकरण पोलिसांपर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेले. काळाबाजार रोखण्यासाठी नियम करण्याची मागणी करणारी जनहित याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली; हा विषय कायदे करणाऱ्यांचा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे ग्राहकाने स्वतःच सावध राहणे आले.

- तिकीट आयोजकाच्या अधिकृत अॅपवरूनच घ्यावे. व्हॉट्सअॅप किंवा इन्स्टाग्रामवर ‘जादा पास आहे’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवू नयेत.
- तिकिटाचे छायाचित्र हे तिकीट नव्हे. एकच क्यूआर कोड अनेकांना विकला गेला, तर प्रवेश पहिल्यालाच मिळतो.
- महोत्सवाच्या तिकिटात दिवसभर अनेक कलाकार असतात, पण एका बँडला मिळणारा वेळ त्याच्या स्वतंत्र मैफलीपेक्षा साधारणतः कमी असतो.
- प्रवेशाचे वय, पुन्हा प्रवेशाची सोय आणि पैसे परत मिळण्याच्या अटी आधी वाचाव्यात.

पुढे काय?

ग्रॅमीच्या बहुतेक विभागांचे निकाल मुख्य सोहळ्याआधीच्या कार्यक्रमात जाहीर होतात. भारतात तेव्हा २ फेब्रुवारीची, सोमवारची पहाट असेल. शेलूच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या चाहत्याच्या मोबाइलवर निकाल आलेला असेल. बँड जिंकला तर २००६ नंतरची ही पहिली ग्रॅमी. हरला तरी नव्या गायिकेसह त्याच विभागात परत येणे ही नोंद राहीलच.

या बँडच्या गाण्यांतून अनेकांना आपले दुःख बोलण्याचे शब्द मिळाले. पण गाणे सोबत करते, उपचार करत नाही. मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि मोफत उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते. पुरस्कारांच्या कोणत्याही यादीपेक्षा हा क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवण्यासारखा आहे.